हडळीचा काडीमोड

पहिल्या भागात मला चेहराच नव्हता. कमरेपर्यंतचे केस पुढं घेतलेले, अंगावर पांढरं लुगडं, आणि पावलं उलटी दिसावीत म्हणून टाचेच्या बाजूला बोटं लावलेल्या रबरी चपला. त्या चपला साताऱ्याच्या एका कारागिरानं ट्रकच्या ट्यूबमधून कापून दिल्या होत्या. त्या घालून खडकातनं चालायचं म्हणजे चार पावलांत एकदा तोंडावर आपटायचं. डायरेक्टर खुर्चीतनं ओरडायचे, "बाई, हडळ ठेचकाळत नाही!" मी म्हणायचे, "तुम्ही घाला की, मग बघू कोण ठेचकाळतंय."

तो सिनेमा चालेल असं आमच्यातल्या कुणालाही वाटलं नव्हतं. पण जत्रांमधल्या तंबूंत तो असा चालला की पैसे घालणाऱ्या शेठनाच भीती वाटायला लागली. एका गावात पडद्यावर मी आले की पुढच्या रांगेतले पैलवान गडी उठून बायकांच्या बाजूला जाऊन बसायचे. दुसऱ्या गावात कुणीतरी पडद्यालाच लिंबू-मिरची बांधली, आणि पुढचे तीन खेळ त्या लिंबासकट झाले.

शेठ हळदीचे व्यापारी. त्यांचं म्हणणं, पेवात पुरलेली हळद वर काढली की चांगल्या भावानं जाते, मग हडळ एकदाच का विकायची? विश्रामबागच्या त्यांच्या नव्या बंगल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं आणि दुसरा भाग काढायचा असं सांगून टाकलं.

डायरेक्टर म्हणाले, "शेठ, शेवटी ती जळालीय."

"मेली तर मेली. परत उठवा."

"राख कृष्णेत सोडलीय."

"मग कृष्णेतनं काढा की! नदी काय आटलीय का?"

डायरेक्टर दोन दिवस डोकं धरून बसले आणि मग त्यांना सुचलं की पुढची गोष्ट सांगता येत नाही तर मागची सांगावी. म्हणजे ही हडळ आधी कोण होती. तर ती होती एक साधी पोरगी. तिचं लग्न होतं आणि त्याच संध्याकाळी, सासरचा उंबरा ओलांडायच्या आधी, तिला पान लागतं. साप म्हणायची सोय नव्हती, कारण शेठ साप हा शब्द उच्चारू देत नसत. तर अशी ती अतृप्त मरते आणि हडळ होते. म्हणजे ह्या भागात मला पाऊण तास चेहरा होता, शालू होता, मुंडावळ्या होत्या आणि लग्न होतं.

हे मी घरी आईला सांगितलं नाही. का ते सांगते. आमचं घर तमाशाच्या फडावरचं. आमच्यात मुलगी पायात चाळ बांधते, गळ्यात काही बांधत नाही. आजीचं लग्न झालं नव्हतं, आईचं झालं नव्हतं, मावशीचंही नाही. मी तेव्हा तिशीला टेकले होते, फड सोडून नाटक कंपनीत आले होते आणि स्वतःला मोठी सुधारलेली समजत होते. पण खोट्या लग्नाचं आईला सांगायला माझी जीभ रेटली नाही. बाकी कशालाही लाजत नव्हते, हे खरं.

शूटिंगला गाव निवडलं ते कवठे महांकाळच्या पुढं, आटपाडीच्या वाटेवर. शेठच्या ओळखी कृष्णाकाठी होत्या, पण डायरेक्टरांचं मत पडलं की उसात भूत शोभत नाही. उसातनं हडळ बाहेर आली तर लोकांना वाटतं कारखान्याची सभासद आहे, ऊस तोड कधी येणार विचारायला निघालीय. भुताला माळ पाहिजे, बाभळ पाहिजे, कोरडी विहीर पाहिजे. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण त्या बाजूला ह्या तिन्ही गोष्टी मुबलक होत्या.

आणि आमची रात्र व्हायची भर दुपारी. रात्री उजेड पाडायचा तर मोठे दिवे लागतात, दिव्यांना जनरेटर लागतो. ते शेठना परवडायचं नाही. म्हणून बारा वाजता उन्हात उभं करायचे आणि कॅमेऱ्यापुढं निळी काच लावायचे. पडद्यावर चांदणं. इकडं माझ्या कपाळावरची पांढरी पावडर घामानं वाहून गळ्यात गोळा व्हायची. गावातल्या बाया कौतुकानं बघायच्या आणि म्हणायच्या, "आवं, हडळीला ताक द्या रं कुनीतरी."

नवरदेव म्हणून सांगलीचा एक गोरागोमटा नट आणला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला गालगुंडं आली. एका रात्रीत त्याचं तोंड टमाट्यासारखं झालं. डायरेक्टर म्हणाले, चालेल, मुंडावळ्यांत झाकू. पण त्याला तोंडच उघडता येईना. त्याला एसटीत बसवून दिलं आणि गावात नवरदेव शोधायला निघालो.

तो सापडला पारावर. फौजी. सुट्टीवर आलेला, सहा फूट, मिशी अशी की आमच्या मेकअपवाल्यानं ती खोटी आहे का म्हणून ओढून बघितली. गावच्याच एका शेतकरणीचा एकुलता एक. त्याला फक्त उभं राहायचं होतं, बोलायचं काही नव्हतं. तो हो म्हणाला, कारण त्याची आई म्हणाली, "जा की. तेवढाच सराव."

सराव, कारण त्याचं स्वतःचं लग्न नवव्या दिवसावर आलं होतं. आटपाडीकडची मुलगी, सुपारी फुटलेली, मांडवाला बांबू आलेले. हे त्यानं मला मी शालू नेसून बसले होते तेव्हाच सांगितलं. मला तो "मॅडम" म्हणायचा. शर्टाच्या खिशात तिच्या हातची तीन पत्रं होती. मुलगी सातवी शिकलेली, बापाच्या चोरून लिहायची. मी म्हटलं, दाखव की एखादं. तो कानापर्यंत लाल झाला आणि खिशाचं बटण लावून घेतलं.

आता लग्न लावायला आमच्याकडं सिनेमातला भटजी होता, पण त्याची मिरजेहून येणारी गाडी चुकली. मग डायरेक्टरांनी गावच्या भटजींना बोलावलं. इथंच सगळं फिसकटलं. ते ऐंशीच्या घरातले, कानानं कमी, आणि आयुष्यभर त्यांनी एकाच पद्धतीनं लग्न लावलेलं. ती म्हणजे पूर्ण. डायरेक्टर त्यांना समजावत होते, की शेवटचं मंगलाष्टक म्हणा, अंतरपाट काढा, झालं. भटजी म्हणाले, "अर्धं लग्न मी लावत नाही. अर्धं लावायला ते काय पायजमा शिवणं आहे?"

मग पूर्ण. त्यांनी फौजीला नाव विचारलं. डायरेक्टरांनी नायकाचं नावच ठरवलेलं नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचं सांगितलं. मला विचारलं, मीही माझंच सांगितलं. बापाचं नाव विचारलं तेव्हा मी आईचं सांगितलं. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुढं चालू केलं. गाव सगळा लोटला होता. कुणी सांगितलं नसताना बायांनी अक्षता रंगवून आणल्या होत्या, पिपाणीवाला आला होता, पाच जणींनी खण आणले होते. मंगलाष्टकात प्रत्येक "सावधान"ला फौजी टाचा जुळवून ताठ उभा राहायचा. माझं हसू आवरेना, त्यानं अंतरपाटापलीकडनं दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, काय चुकलं का?"

अंतरपाट पडला, अक्षता पडल्या आणि कॅमेऱ्यातली फिल्म संपली. कॅमेरामननं हात वर केला. डायरेक्टर म्हणाले "झालं!" पण कुणी थांबेना. भटजींना ऐकू आलं नव्हतं आणि गावाला थांबायचं नव्हतं. कुणाच्या तरी आत्यानं आमच्या पदराची गाठ मारली. होम पेटला. आम्ही दोघं सात पावलं चाललो. त्याच्या अनवाणी पायाला खडा टोचला होता, तो लंगडत होता. बाजूला कॅमेरा रिकामा उभा होता आणि कॅमेरामन बिडी पेटवून मजा बघत होता. फौजीची आई डोळे पुसत होती. मी म्हटलं, बाई, ही सुद्धा अभिनय करतीय की काय.

दुसऱ्या दिवशी मला मारलं. तिरडीवर झोपवलं, फौजीच्या हातात मडकं दिलं. गावच्या बायांनी असा गळा काढला की मला तिरडीवर हुंदका आला आणि डायरेक्टर पुन्हा ओरडले, "बाई, मढं रडत नाही!" न्हावी वस्तरा घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, बायको मेल्यावर मिशी काढायला पाहिजे. फौजीनं मडकं खाली ठेवलं आणि सांगितलं, हात लावून बघ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा बाप आला. बरोबर चार माणसं. एसटीतनं उतरला तो थेट देवळापुढच्या पारावर जाऊन बसला आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "माजी पोरगी बिजवराला द्याची न्हाई."

बिजवर! परवापर्यंत कोरा नवरदेव होता. दोन दिवसांत त्याचं एक लग्न झालं, एक बायको मेली आणि तो दुसरेपणाचा झाला.

फौजी धावत माझ्या खोलीवर आला. गणवेश नव्हता तरी तसाच उभा राहिला. "मॅडम, अकरा दिवसांची रजा राह्यलीय. पुढची वर्षानं. तिचा बाप थांबायचा न्हाई, दुसरीकडं देऊन टाकंल. तुमी फकस्त सांगा की लगीन झालं न्हाई म्हनून." मी म्हटलं, सांगते की. त्यात काय. आणि त्याच्या पाठोपाठ चहाचा कप हातात घेऊनच निघाले.

पारावर पंच म्हणून एक म्हातारे सुभेदार बसले होते, पेन्शनवर आलेले. त्यांच्यापुढं निम्मा गाव आणि आमचे सगळे. डायरेक्टर हात जोडून सांगत होते की हा सिनेमा आहे, खोटं आहे, हिनं पहिल्या भागात माणसं विहिरीत ढकलली, तीही जिवंत आहेत, एक तर सांगलीत किराणा दुकान चालवतो.

भटजी म्हणाले, "मी लग्न लावलं. मी खोटं लग्न लावत नाही."

एक म्हातारी उठली. "आवं, आमी अक्षता टाकल्या. त्या काय खोट्या तांदळाच्या व्हत्या?"

दुसरा कुणी म्हणाला, की असू दे, लगीन झालं, पण बायको मेली ना. आपण सगळे मातीला गेलो होतो. मग मोकळा झाला गडी. तेव्हा ती म्हातारी म्हणाली, मेली म्हणता तर नव्या नवरीच्या गळ्यात सवतीचा टाक घालावा लागंल. मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावानं चांदीचा ठसा गळ्यात बांधायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी रीत आहे. गाव माना डोलवायला लागला. टाक घालू, मिटलं.

तर मुलीचा बाप ताडकन उठला. "टाकाला ऐकनारी न्हाई ती! म्या पह्यला भाग दोनदा बगितलाय. ही मेल्यावर काय करती ते मला इचारा. नवऱ्याची नवी बायकू केसाला धरून हिरीत वढती!"

एवढं माझ्या कामाचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सुभेदारांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "बाई, तू जिती का मेलेली?"

मी म्हटलं, "काल दुपारपासनं मेलेली हाय. पर च्या पिती."

लोक हसले. सुभेदार हसले नाहीत. म्हणाले, "ऑर्डरीत बोल. हे बग, नवरदेव कायबी म्हनंल, त्याला गरज हाय. डायरेक्टर कायबी म्हनंल, त्येचा धंदा हाय. तुला इचारतो. तुजं लगीन झालं, असं तू मानतीस का?"

एकच शब्द म्हणायचा होता. न्हाई. फौजी माझ्याकडं बघत होता, खिशावर हात ठेवून. त्या खिशात ती तीन पत्रं होती. मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. स्टेजवर मला कधी शब्द आठवला नाही असं झालेलं नाही. पण माझ्या आजीला, आईला, मावशीला हे आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि मला विचारलं गेलं ते नाही म्हणण्यासाठी. मला सरळ रडू आलं. राग आला. त्या फौजीशी मला काही संसार करायचा नव्हता, तो मला पोरगाच वाटायचा. पण सात पावलं मी चालले होते, कॅमेरा बंद असताना चालले होते, आणि अर्ध्यात थांबता आलं असतं तरी थांबले नव्हते. हे मला त्या पारावर कळलं. आधी कळलं असतं तर मीसुद्धा एसटीत बसले असते.

मी म्हटलं, "न्हाई."

फौजीनं श्वास सोडला. पण मुलीच्या बापानं मान हलवली. "हिच्या शब्दावर? आवं, ही फडावरली. रोज इगळं सोंग काडती. आज न्हाई म्हनंल, उद्या माज्या पोरीच्या दारात यून उबी ऱ्हाईल. मला शब्द नगं. काडीमोड पायजे, गावासमोर."

सुभेदारांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग म्हणाले, "ऐका. कॅमेरा चालू हुता तवर झालं ते शिनेमाचं. त्यात आपन पडत न्हाई. पर सात पावलं पडली तवा कॅमेरा बंद व्हता. म्हंजी ते शिनेमातलं न्हाई, गावातलं हाय." ते माझ्याकडं वळले. "ही ह्येची बायकू हाय. काडी आना."

काडी सापडेना, हीसुद्धा एक गंमत. कडब्याचं ताट कुणी आणलं, ते मोडेना. केरसुणीची काडी अशुभ म्हणून फेकली. शेवटी फौजीची आई घरी गेली आणि स्वतःच्या छपरातनं एक काडी उपसून आणली. दुसऱ्या हातात तिचं इरकली लुगडं होतं, घडी न मोडलेलं. ते तिनं माझ्या ओटीत घातलं. मी म्हटलं, मावशी, हे कशाला? ती म्हणाली, "रिकाम्या हातानं सून घालवत न्हाईत."

एक टोक त्यानं धरलं, एक मी. तो ओढेना. मी म्हटलं, "ओढ रं, फौजी." काडी वाळलेली होती, मोडताना आवाजसुद्धा झाला नाही. सुभेदार मोठ्यानं म्हणाले, "ही ह्येची बायकू व्हती. आजपासनं न्हाई." मुलीचा बाप म्हणाला, नांदली न्हाई तर बिजवरात धरत न्हाई, आणि पहिल्यांदा पाणी प्यायला.

डायरेक्टर पळत माझ्याकडं आले. डोळे चमकत होते. "बाई, काय सुंदर झालं हे! परत एकदा करूया, मी कॅमेरा लावतो." मी त्यांना जी शिवी दिली ती फडावरची होती, इथं लिहीत नाही. दुसऱ्या भागात काडीमोड नाही, तो त्यामुळं.

फौजीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. मला बोलावणं नव्हतं. पहिल्या बायकोला कोण बोलावतं? आम्ही तेव्हा विहिरीपाशी भर दुपारी रात्रीचं काम करत होतो आणि वाऱ्यावर वाजंत्री ऐकू येत होती. मी त्या दिवशी एकदाही ठेचकाळले नाही.

सांगलीला परत आले तेव्हा आई दारात बसून पायांना तेल चोळत होती. चाळ बांधून बांधून तिचे घोटे कायमचे सुजलेले. लुगडं कुठनं आणलं म्हणून तिनं विचारलं. मी मनाशी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, आणि सगळं बोलून टाकलं.

तिनं काडीमोडाचं एक अक्षर विचारलं नाही. मंगलाष्टकं किती म्हणली? गाठ कुणी मारली? होम पेटवला व्हता? पावलं सातीच्या साती पडली? सासूनं वटी भरली ती बसवून भरली का उभ्यानं? मी सांगत गेले. ती तेलाचा हात तसाच धरून ऐकत राहिली. मग तिनं ते इरकली लुगडं मांडीवर घेतलं, घडीवरनं हात फिरवला, उठली, पदर नीट केला आणि चाळीच्या नळावर गेली. तिथं दहा-बारा बाया पाण्याला उभ्या होत्या. मी खिडकीतनं बघत होते.

"माज्या पोरीचा काडीमोड झाला," आईनं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बाया हळहळायला लागल्या. एकीनं तर तोंडाला पदर लावला.

"हळहळताय काय गं?" आई म्हणाली. "आमच्यात आजपतूर कुनाचा झालाय?"